सहा फुटांचं वाक्य

वॉर्डर स्ट्रीटच्या तळघरात वाक्यं फुटांत मोजत.
सेकंदाला दीड फूट फिल्म सरकते,
इंग्रजी जिथं चार फुटांत आटोपतं
तिथं तुझं मराठी सहा फूट खातं,
असं एडना प्रिचर्ड म्हणाली, ओठांत पेन्सिल धरून,
मी जणू शिंप्याकडे जास्तीचं कापड मागतोय.

त्रेचाळीसचा नोव्हेंबर. लीड्सला रंगांचं रसायन शिकायला आलो होतो.
बोटी बंद पडल्या, घरचे पैसे थांबले,
कुणीतरी म्हणालं, सरकारला मराठी आवाज हवाय,
तासाला बारा शिलिंग, चहा वेगळा.
भिंतींना घोड्यावरची घोंगडी ठोकलेली.
लाल दिवा लागला की श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.

संहितेत ‘वुई’ सत्तावीस वेळा.
मी विचारलं, आपण की आम्ही?
मेजर लिडियार्ड म्हणाला, फरक काय?
म्हटलं, एकात ऐकणारा आत असतो, दुसऱ्यात बाहेर.
तो खिडकीकडे वळला. तळघराला खिडकी नव्हती.
मग म्हणाला, लढाईपुरतं आत घे.
विजयाचं नंतर बघू.

एका डब्यावर लिहिलं होतं : खेडं, सर्वसाधारण.
त्यात एक विहीर, दोन बैल, एक बाई.
हीच बाई पंजाबीत पाणी शेंदून आलेली, तमिळमध्येही,
आता मराठीत शेंदणार.
मी म्हणालो, हे लुगडं आमच्याकडचं नाही,
कासोटा नाही, पदर भलत्याच खांद्यावर,
साताऱ्याचा माणूस दहा पावलांवरून ओळखेल.
एडनानं भिंगाखाली बराच वेळ बघितलं.
माझी आई स्वान्सीला मासे विकते, ती म्हणाली,
आमच्या फिल्ममध्ये तिच्या जागी एक नटी आहे.
स्वच्छ नखांची.
आणि कात्री उचलली.

त्याच आठवड्यात घरचं पत्र आलं.
मधल्या तीन ओळी सेन्सॉरनं ब्लेडनं काढलेल्या,
उरलेल्यात सगळ्यांना नमस्कार.

पोहरा वर येतो तिथं माझं वाक्य :
तुमच्यामागं तुमची घरची माणसं सुखात आहेत.
नऊ वेळा वाचलं.
आपल्यात शेवटच्या शब्दापर्यंत काही नक्की नसतं,
आणि माझं ‘आहेत’ दर वेळी पुढच्या चित्रावर सांडायचं,
तोफेवर.
शेवटी एडनानं विहीर अर्ध्या फुटानं लांबवली.
पोहरा काठावर जरा जास्त थांबला.

सेहेचाळीसच्या जूनमध्ये विजयाच्या संचलनाला आलेली माणसं
केन्सिंग्टनच्या बागेत तंबू ठोकून होती.
मी कुंपणाशी उभा राहून एकाला गाव विचारलं.
पलीकडं बूट पुसणारा नाईक थांबला. रखमाजी ढोणे, मायणीकडचा.
“आवाज वळखला म्या. तुम्ही सिनेमातलं.”
माझी मान खाली. म्हटलं, ती बाई…
“बाई कुठली का असंना. इटलीत, चिखलात, सात डाव बघितला.
पर रीळ जुनं. पवरा वर आला की तुटायचं.
तुम्ही म्हनायचा, तुमच्यामागं तुमची घरची मानसं सुखात,
आन् अंधार.
मग पुरं आम्ही करायचो. समदी कंपनी, एका दमात :
न्हाईत!
सायबाला वाटायचं, घोषना हाय.
त्योबी टाळ्या वाजवायचा.”

‘आम्ही’ म्हणाला तो.
मी कुंपणाच्या या बाजूला.

मग बुटावर थुंकला, फडकं फिरवलं,
टोकात स्वतःचं तोंड दिसतंय का बघितलं.
“उद्या आपलं संचलन हाय,” म्हणाला, “या बघायला.”